सरांनी मागितलेला पुरावा

वीरस्मा सरांनी पुठ्ठ्याचा भलामोठा चष्मा उघडून आतली कविता बाहेर काढली. डिसेंबरातल्या सिंटरक्लासच्या डच सणाला वर्गात चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्याची कवितेतून रेवडी उडवायची, ती कविता हाताने केलेल्या एखाद्या वस्तूत लपवून द्यायची, आणि ज्याची उडवली त्यानेच ती मोठ्याने वाचून कवी कोण ते ओळखायचं. सर दरवर्षी हौसेने वाचत. आज तर मागच्या बाकावर मुख्याध्यापिकाबाईही येऊन बसल्या होत्या.

"हां, ऐका!" सरांनी घसा खाकरला.

"निबंध आमचे यंत्र वाचते, खाली सरांची सही,
शब्दन्‌शब्द वाचतो म्हणती, वाचत नाहीत काही!"

वर्ग खदखदला. निबंधांवर सूचना देणारं ते यंत्र शाळेने मदतीला घेतलं होतं. आधी त्याने वाचायचं, मग सरांनी, असं ठरलेलं. सरांनी थोडे दिवस वाचलंही. पुढे नुसतं बटण दाबून यंत्राचेच शेरे स्वतःच्या सहीने धाडून मोकळे होऊ लागले, आणि पालकसभेत मात्र छातीवर हात ठेवून सांगून आले, "मी प्रत्येक निबंध स्वतः वाचतो."

"काहीतरीच!" सर उसनं हसले. "आरोप काय, कुणीही करेल. पुरावा कुठाय?"

"तुम्ही मागेही अगदी हेच म्हणाला होतात, सर," बाकावरून येल्मर ओरडला. "पान उलटा की!"

मागच्या बाजूला एक शेरा चिकटवला होता. ही कविता मागेच गृहपाठ म्हणून जमा झाली होती आणि यंत्राने ती तपासूनही दिली होती. सरांचे कान तापले. त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली.

"अहं! मोठ्याने वाचायचं, सर!"

सर पुटपुटले, "'शाबास! सरांवरचा आरोप ठसठशीत आहे. मात्र पुरावा नाही. पुढच्या खर्ड्यात एखादं उदाहरण जोडावं. आपला, वीरस्मा.'" खाली शाईने लिहिलं होतं: 'सूचनेप्रमाणे उदाहरण जोडलं आहे.'

हसून हसून पोरं बाकांवर आडवी झाली. मुख्याध्यापिकाबाई मात्र हसत नव्हत्या. सरांना जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"आता ओळखा, कुणी लिहिली?" पोरांनी गलका केला.

"येल्मर... तू?"

"छे!"

"सीत्स्के?"

"मी? सर, मला यमक कुठं जुळतं!"

"अहो वीरस्मा," बाई शांतपणे म्हणाल्या, "गृहपाठ जमा करताना वर नाव घातलंच असेल की."

"असेल," सर मान खाली घालून म्हणाले. "मी वाचलं नव्हतं."

या वेळी कुणीच हसलं नाही. सरांना तेच जास्त लागलं.