मधलं घर ओस्मेलचं

"माझं घर बसणार नाही," असं ओस्मेलने अख्ख्या गल्लीला छाती ठोकून सांगितलं होतं. छाती ठोकायची एवढी घाई बरी नव्हे, पण ऐकतो कोण?

हवानातल्या लाव्तोन भागातली ही गल्ली. इंटरनेट परवडत नाही, म्हणून अठरा घरांनी आपापले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून घेतले होते. गच्च्यांवरून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या बाजूने, एकच लांबलचक तार. काम स्वस्तातलं. पण कुठे तुटली की अठराच्या अठरा घरं ठप्प, आणि तुटलेली जागा शोधत गच्च्या पालथ्या घालायच्या.

"तीच तार फिरवून पहिल्या घरी परत आणा, गोल करा," नेरेइदामावशी म्हणाली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने एकतीस वर्षं काढलेली. "पाळीपाळीने सगळ्यांचे निरोप पुढे जातात. धक्काबुक्की नाही."

"गोलात एक घर बिघडलं की सगळे बसतात, मावशी," ओस्मेल म्हणाला.

"मग प्रत्येक घर प्रत्येक घराला जोडा," दादीयेर म्हणाला. हा गल्लीच्या खेळाडूंचा कप्तान.

"आणि कपडे कुठे वाळवणार, तुझ्या डोक्यावर? माझं ऐका. मध्ये एक पेटी, माझ्या घरात. तिथून प्रत्येकाला वेगळी तार. एकाची तुटली तर त्या एकाचंच अडेल."

"आणि मधलं घर बसलं तर?"

"मधलं घर माझं आहे, मावशी."

झालं, मध्ये पेटी आणि चहूकडे तारा, अशी चांदणी ठरली. रविवारी चारला मागच्या गल्लीशी कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळाचा सामना होता. तीन वर्षं आपली गल्ली हरत होती, आणि ठरल्या वेळेनंतर तासाभरात सुरुवात झाली नाही तर हार धरणार होते. जिंकलो तर ओस्मेलच्या चांदणीने, हरलो तरी ओस्मेलच्याच चांदणीने.

रविवारी सगळे आधीच तयार. चारला दहा कमी असताना सगळे पडदे मेले.

ओस्मेल गच्च्यांवर धावला. एकाच्या मांजराला शिव्या घातल्या, दुसऱ्याची बादली लाथाडली, सतरा तारा ओढून पाहिल्या. एकही तुटलेली नाही. शेवटी नेरेइदाच्या दारात उभा राहून, गल्ली बघत असताना, तो नको ते बोलला.

"तुमचं ऐकलं नाही म्हणून राग काढलात ना, मावशी? कुठे कापलीत तार?"

मावशीने चष्मा काढून पदराने, म्हणजे एप्रनच्या टोकाने, पुसला आणि दार लोटलं. ओस्मेलला वाटलं, पकडली.

घरी बायको यामिलेत कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"जिंकल्यावर भाषण करायला तो भोंगा लावलास ना? कुठल्या बोर्डात?"

"पेटीशेजारच्या."

"शेजारच्या नाही. पेटीच्याच. तिची पिन काढून."

पिन जमिनीवर निवांत पडली होती. ओस्मेलच्या कानांच्या पाळ्या तापल्या. एक तार तुटली तर एकाचंच अडतं, आणि सगळ्यांचं अडलं तर दोष मधल्या घराचा. हे दोन आठवडे तोच घसा फोडून सांगत होता. आणि त्या म्हातारीवर तार कापल्याचा आळ घेऊन आला होता.

पिन लावली, पेटीवरचे दिवे पेटले. तो तोंड लपवत नेरेइदाकडे निघाला. पाच वाजायला सात मिनिटं होती. काय बोलायचं ते वाटभर घोकत होता, पण शरमेने पहिल्या शब्दापुढे गाडी जाईना.

आत अख्खी गल्ली कोंबलेली. पडदा जिवंत, दादीयेर खेळतोय, आणि जिंकतोय.

"मावशी, मी..."

"सरक रे, वारा अडतोय," कोणीतरी म्हणालं.

मावशीने त्याच्या हातात कॉफीचा कप दिला. पहिली लांबलचक तार पुन्हा वापरून तिने खेळाडूंची सहा घरं गोलात जोडली होती. मागच्या गल्लीची तार तशीही तिच्याच गच्चीवर उतरते, म्हणून पेटीवाचून काही अडलं नाही.

"पेटी चालू झाली, मावशी," ओस्मेल पुटपुटला. "माझं घरही गोलात घेता का?"

"आज नको, बाळा," ती म्हणाली. "तूच सांगितलंस ना, गोलात एक घर बिघडलं की सगळे बसतात."