डाव्या पायाला कोण सांगणार?

काचवाल्याने नवा पिकअप घेतला तो गुडघ्यापायी. वर्षानुवर्षं क्लच दाबून डावा गुडघा कुरकुरायला लागला होता. त्यामुळे विक्रेत्याने 'ऑटोमॅटिक' म्हटल्यावर पुढचं त्याने ऐकलंच नाही.

"दुरुस्ती महाग पडते, चढावर ओढ वेगळी लागते. आधी माल भरून एक चक्कर मारा," विक्रेता सांगत होता.

"चक्कर राहू दे, चावी द्या."

पहिलीच फेरी आरशांची. नवं ब्यूटी पार्लर संध्याकाळी उघडणार होतं. आरसे भिंतीच्या मापाने कापलेले. एक तडकला तर दुसरा कापायला वेळ नव्हता आणि पार्लरवालीच्या बाकीच्या दुकानांचं काम हातचं जाणार होतं. म्हणून बायकोही शेजारी बसली होती, कान मागे लावून.

गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला. काचवाल्याचा हात सवयीने गिअरकडे गेला आणि डावा पाय क्लचवर. क्लच नव्हताच. पाय पडला ब्रेकच्या रुंद पेडलवर, तोही पूर्ण ताकदीने. गाडी जागीच खिळली. मागे आरसे कण्हले. त्यांच्यामागे एक स्कूटर कशीबशी थांबली आणि स्कूटरवाल्याने काचवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"अहो, क्लच नाहीये!"

"माहितीये मला!"

पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

"तो पाय मांडी घालून वर घ्या बघू," बायको म्हणाली. त्याने घेतला. थोड्या वेळात पायाला मुंग्या आल्या, खाली सोडला, आणि पाय थेट ब्रेकवर. आरसे पुन्हा कण्हले. शेवटी काचवाल्याने माल बांधायची दोरी काढली आणि डावा पाय सीटच्या लोखंडाला करकचून बांधला.

चौकात पोलिसाने खिडकीतून आत डोकावलं. "हे काय हो?"

"क्लच नाहीये ना साहेब."

"मग?"

"ते पायाला माहीत नाही."

पोलिसाने कपाळाला हात लावला. "दोरी सोडा. आणि तुम्ही चालवायची नाही. दुसरं कुणी आहे?"

बायकोने पर्समधून लायसन्स काढून दाखवलं. काचवाला बघतच राहिला. परीक्षा पास होऊन ती घरी आली होती, तेव्हा 'क्लच तुला झेपायचा नाही' म्हणून चावी त्यानेच खिशात घातली होती.

"आता कुठंय क्लच?" ती म्हणाली. "सरका."

गाडी निघाली ती पाण्यावरून गेल्यासारखी. गतिरोधक आले नि गेले. मागून हूं की चूं नाही. आवाज होता तो फक्त शेजारच्या सीटसमोर पत्र्यावर आपटणाऱ्या काचवाल्याच्या डाव्या चपलेचा.

पार्लरवालीने प्रत्येक आरशावरून बोट फिरवलं. एकही तडा नाही. खूश होऊन ती बायकोला म्हणाली, "बाई, पुढच्या दुकानांचे आरसेही तुम्हीच आणा. बरं, उतरवायला कुणी आहे का बरोबर?"

काचवाला हातमोजे चढवून मागे उभाच होता.

"आहे एक," बायको म्हणाली. "नवीन आहे. जरा सांभाळून घ्या."