कुंकवाची जागा

"काय म्हणतीय आज तुमची सवत?" डबा भरता भरता सुरेखानं विचारलं, आणि ईश्वरला चहाचा ठसका लागला.

सवत म्हणजे कारखान्यात आलेलं नवं एआय सॉफ्टवेअर. शिरूरला नगर रस्त्यालगत सम्राटशेठचा छोटा कारखाना होता. तिथं विहिरीवरच्या मोटारींचे मोबाईल स्टार्टर बनत. शेतकऱ्यानं घरातून फोन लावायचा, की शेतात मोटार सुरू. या स्टार्टरच्या पोटात जो सर्किट बोर्ड असतो, तो पहिल्यापासून ईश्वरच आखत आला होता. कुठला भाग कुठं बसवायचा, तांब्याच्या रेघा कशा फिरवायच्या, हे ठरवायला त्याला तीन आठवडे लागत. चौथा आठवडा तो हे काम किती अवघड होतं ते सांगण्यात घालवी.

प्रत्येक बोर्डावर बारीक पांढऱ्या अक्षरांत 'ई. सो.' छापलेलं असे. ईश्वर सोपान. त्याचे वडील सोपानराव कुणाच्याही विहिरीवर गेले, की स्टार्टरची पेटी उघडायला लावून ती अक्षरं दाखवत. मोटार जळालेली असली तरी दाखवत. ईश्वरची सगळी मिळकत म्हणजे ती दोन अक्षरं, असं म्हटलं तरी चालेल.

आणि ही सवत आली. केडगावची प्रांजल नावाची नवी इंजिनियर ती चालवायची. जेवायच्या सुट्टीआधी तिनं माहिती भरली आणि डबा धुऊन येईपर्यंत बोर्ड आखून तयार होता, तोही निम्म्या आकाराचा. सम्राटशेठ हरखून गेले. "रजा मागत न्हाई, चहा मागत न्हाई, आन् तोंड वाकडं करत न्हाई," ते म्हणाले. शेवटचं वाक्य त्यांनी ईश्वरकडे बघून म्हटलं.

ईश्वरचा नुसता जळफळाट झाला. त्यानं भिंग लावून त्या बोर्डात चुका शोधल्या. एकही सापडली नाही, त्यामुळे तो जास्तच जळला. घरी येऊन त्यानं भाकरी बाजूला सारली, तेव्हा सुरेखा म्हणाली, "बाई असती तर म्या बघून घेतलं असतं. आता त्या काँप्युटरच्या झिंज्या कुठं धरू?"

त्यात एका दुपारी शेठ प्रांजलला हळू आवाजात सांगताना त्याच्या कानावर पडलं, "नावाचं तू बघ. ईश्वरला आधी कळू दिऊ नगं." झालं. बोर्डावरचं आपलं नाव पुसलं जाणार, हे ईश्वरनं तिथंच उभ्या उभ्या पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी प्रांजल वही-पेन घेऊन आली. म्हणाली, "सर, तुमच्या अनुभवातले सगळे नियम सांगा. ते भरले की फायनल बोर्ड काढू." ईश्वरनं एकेक करून सगळे सांगितले. फक्त एक सांगितला नाही.

तो नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता. नव्या मॉडेलचा पहिला नग दौंडजवळ भीमेच्या काठी शेठच्या शेतात बसे, आणि त्याची पूजा शेठच्या आई सिंधूबाई करत. पेटीला कुंकू लावणं त्यांना मान्य नव्हतं. पेटी म्हणजे अंगावरचं कापड, कुंकू लावायचं ते कपाळाला, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्या पेटी उघडून थेट बोर्डालाच हळदकुंकू लावत आणि वर नारळाचं पाणी शिंपडत. पहिला बोर्ड असाच वाया गेला होता. सिंधूबाईंना नको म्हणायची छाती शेठचीही नव्हती. तेव्हापासून ईश्वर बोर्डाचा एक कोपरा अंगठ्याएवढा मोकळा सोडी आणि "मावशी, हे कपाळ," असं सांगे. बाकी सगळे ते विसरून गेले होते.

नवा बोर्ड छापून आला. भाग असे खेटून बसवलेले, जसे उरुसातले लोक.

"मोकळी जागा कुठंच नाही?" ईश्वरनं विचारलं.

"तीळ ठेवायला जागा नाही, सर," प्रांजल कौतुकानं म्हणाली. ईश्वर त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त जेवला.

पूजेच्या दिवशी शिरूर-दौंडचे सगळे दुकानदार शेतात जमले. त्यांच्यासाठी हौदाशेजारी लिंबाच्या सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या आणि जिलेबीचं ताट फिरत होतं. शेठनी सोपानरावांनाही मुद्दाम गाडी पाठवून आणलं होतं आणि पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यांना कशाला बोलावलं, हे ईश्वरला समजेना. पोराची फजिती बापाला दाखवायची असेल, असं त्याला वाटलं आणि तो आणखी कडवट झाला.

सिंधूबाईंनी पेटी उघडली. "ईश्वर, ह्याचं कपाळ कुठं हाय रं?"

"कुठंबी लावा, मावशी. नव्या पद्धतीचं हाय. सगळंच कपाळ."

सिंधूबाई खूश झाल्या. एरवी एक बोट लावत, आज मूठभर लावलं. वर नारळाचं पाणी अख्खं ओतलं.

शेठनी मेन स्विच टाकून फोन लावला. मोटार सुरू झाली, टाळ्या पडल्या. मग ती बंद झाली. मग सुरू झाली. ओल्या कुंकवानं बोर्डातल्या नको त्या भागांची सोयरीक जुळवली होती. मोटार चालू-बंद झाली, की तसं फोन करून कळवायचं, ही स्टार्टरची खासियत होती, आणि दुकानदारांना ती दिसावी म्हणून त्या सगळ्यांचे नंबर त्यात भरले होते. सगळ्यांचे फोन ओळीनं वाजू लागले. मोटार सुरू झाली आहे. मोटार बंद झाली आहे. शेठ ती थांबवायला फोन लावत होते, पण स्टार्टरच दुसऱ्यांशी बोलण्यात गुंतल्यामुळे तो व्यस्त लागत होता. अशा हिसक्यांनी हौदावरचा पाईप जोडातून निसटला आणि पाण्याचा लोट आधी जिलेबीवर, मग पहिल्या रांगेवर आला. सोपानरावांची टोपी वाहत उसाच्या सरीत गेली.

टोपीचं ईश्वरला वाईट वाटलं. बाकी मनातल्या मनात त्यानं सवतीचं तेरावंसुद्धा उरकलं.

शेठनी धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि बोर्ड उपसून बाहेर काढला. दौंडचा एक दुकानदार शर्ट पिळत म्हणाला, "कुनी बनवलंय हे?"

याच प्रश्नाची वाट बघत ईश्वर पुढं सरकला. तेवढ्यात शेठनी बोर्ड उलटा केला. पाठीमागच्या बाजूला, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, पूर्ण नाव छापलं होतं: ईश्वर सोपान.

"सरांना सरप्राईज द्यायचं होतं," प्रांजल रडवेली होऊन म्हणाली. "नियम सगळे त्यांचेच होते ना. पुढं जागा नव्हती, म्हणून मागं मोठं घेतलं."

सोपानरावांनी सवयीनं ते नाव मोठ्यांदा वाचून दाखवलं. मग ओल्या डोक्यावरून हात फिरवत हळूच विचारलं, "पोरा, हे तुझंच व्हय?"

ईश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली मान घालून त्यानं कुंकवाच्या जागेचं सगळं सांगून टाकलं. शेठ रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "एवढंच व्हय?" प्रांजलनं गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडून अंगठ्याएवढा कोपरा मोकळा ठेवायला सांगितलं, आणि दुकानदारांचे शर्ट वाळायच्या आत नवा आराखडा तयार झाला. इतकी वर्षं जपलेलं गुपित सवतीनं कपाळाला आठी न पाडता गिळलं.

सोपानरावांची एकच अट होती. बोर्ड पेटीत बसला, की पाठ कुणाला दिसणार? नाव पुढंच पाहिजे. सॉफ्टवेअरनं सगळा बोर्ड धुंडाळला आणि मोकळी अशी एकच जागा शोधून काढली.

स्टार्टर आता धडाक्यानं खपतोय. दुकानदार गिऱ्हाईकाला पेटी उघडून कोपरा दाखवतात आणि म्हणतात, "काय डोकं हाय त्या सॉफ्टवेअरला, कुंकवाची जागासुदीक सोडलीय." ईश्वर शेजारी उभा असला, तर त्याच्याकडूनच दुजोरा मागतात.

आणि सोपानराव अजूनही दिसेल त्या विहिरीवर पेटी उघडायला लावतात. आता जो तो तिथंच कुंकू लावतो, त्यामुळे कोपऱ्यात त्याचा जाड थर असतो. ते अंगठा जिभेला लावून तो घासतात, घासतात, आणि विहिरीच्या मालकाला सांगतात, "दिसत न्हाई, पर हाय."