गिट्टीच्या शेवटच्या प्रकरणाआधी

आमच्या वाचनालयातली रॅपरांची आत्मचरित्रं शेवटच्या प्रकरणाआधी आपोआप मिटतात आणि वाचकाला स्वतःबद्दल चार ओळी म्हणायला सांगतात. ओळी खऱ्या निघाल्या तरच पुढचं पान उघडतं. बाकीची पुस्तकं असं काही करत नाहीत. पुढाऱ्यांची चरित्रं तर वाचक झोपला तरी चालूच राहतात.

ग्रंथपाल म्हणून मला या अटीत काही गैर वाटत नाही. ज्याने आपली वस्ती, आपली भांडणं, आपल्या चुका नावानिशी छापल्या, त्याने समोरच्यालाही तेवढं विचारलं तर बिघडलं कुठं? मला ही माणसं मनापासून आवडतात. कार्यकारिणीनेही ‘शांतता राखा’ या पाटीखाली ‘रॅपरांचे वाचक वगळून’ अशी दुरुस्ती एकमताने मंजूर केली आहे.

सध्या सगळ्यात जास्त मागणी गिट्टीच्या आत्मचरित्राला आहे. गिट्टी दगडखाणीवरच्या वस्तीतला. पोरं ज्या नावाने चिडवायची तेच त्याने गाण्यासाठी घेतलं. गाण्यापायी कॉलेज सोडलं म्हणून त्याच्या आईने अबोला धरला. ती पुन्हा बोलली का, ते शेवटच्या प्रकरणात आहे आणि आमच्या गावात अजून कुणालाच माहीत नाही. शेवाळे वकिलांनी प्रयत्न केला होता. त्यांनी पणजोबांच्या घोडदळापासून सुरुवात केली.

“साहेब, घोडा पणजोबांचा,” पुस्तक म्हणालं. “तुमचं काय ते सांगा.”

वकील पुस्तक परत करून गेले.

सुनंदाबाई कणसे मात्र हटल्या नाहीत. पुस्तक मिटायचं, त्या पुन्हा उघडायच्या. त्यांच्या स्वतःच्या आईने त्यांना कधी जवळ घेतलं नव्हतं, त्यामुळे गिट्टीच्या आईचं काय झालं ते त्यांना कळायलाच हवं होतं.

“आई बोलली का न्हाई, एवढंच सांग की रं बाबा,” त्या म्हणाल्या.

“आधी तुमचं नाव, मावशी.”

“सुनंदा.”

“कुणी ठेवलं?”

“सासरच्यांनी. लग्नात, ताटातल्या तांदळात लिवलं.”

“त्याआधीचं?”

बाईंनी पदर सारखा केला. “त्ये नाव न्हाई. शिवी हाय ती.”

“माझंही शिवीच होतं,” पुस्तक म्हणालं.

बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि बोटांनी टेबलावर ठेका धरला.

“नाव माझं नकुशा, पोरगी मी चौथी,
बारशाला माझ्या साधी घुगरीबी नव्हती.
नको नको म्हणताना वर्षं झाली सत्तर,
मी अजून हितंच हाय, ह्येच माझं उत्तर!”

वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. पुस्तकाने लगेच शेवटचं प्रकरण उघडलं. बाईंनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा ठेका चालूच होता.

“अजून आहे का?” पुस्तकाने अदबीने विचारलं.

“लई हाय,” नकुशाबाई म्हणाल्या. “तुझी आई थांबंल जरा.”

आम्ही सगळ्यांनी खुर्च्या जवळ ओढल्या.