तुकईथडची बस कोणी परत पाठवली

"ज्यांनी तारखेचा घोळ घालून तुकईथडकडच्या शाळेची बस दारातून परत पाठवली, त्या महाजनांचं नाव अभ्यागत कक्षाला?" आमच्या विद्यापीठ ग्रंथालयाचे नवे ग्रंथपाल परवा सभेत असे म्हणाले. बस आली त्या दिवशी ते बुऱ्हाणपुरात नव्हतेच. मी होतो, आणि भास्करराव महाजनांच्या शेजारच्याच मेजावर होतो.

ग्रंथालय पाहू इच्छिणाऱ्यांचे अर्ज भास्कररावांकडे येत. मनुष्य विक्षिप्त होता, हे मी नाकारीत नाही. अर्जात 'सहज' हा शब्द दिसला की अर्ज परत. "सहज पाहायला ताप्तीचा घाट आहे. इथे प्रयोजन लिहा!" एखादे प्राध्यापक पाहुण्यांदेखत म्हणत, "अरे महाजन, पाच मिनट की तो बात है!" उत्तर येई, "मग अर्जात पाच मिनिटं लिहा."

एकदा वहिनी घरी राहिलेला डबा घेऊन आल्या.

"प्रयोजन?"

"तुमची भूक!"

"लेखी द्या."

वहिनींनी दिले. भास्कररावांनी शिक्का मारला आणि मगच डब्याचे झाकण उघडले.

त्या सोमवारी बस आली, तेव्हा वाळवीचे औषध फवारल्यामुळे ग्रंथालय बंद होते. धुतल्या कपड्यांतली मुले पायऱ्यांवर उभी, आणि त्यांच्या तरुण मास्तरांचा चेहरा पांढराफटक.

"सर, तुम्ही तर आजच बोलले होते ना?" मुले त्यांना घेरू लागली.

भास्कररावांनी फायलीतून शाळेचे पत्र काढले, वाचले, चौकोनी घडी करून खिशात घातले. मग मोठ्याने म्हणाले, "सरांची चूक नाही. तारीख मी चुकीची कळवली. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा."

मुलांनी संकोच केला नाही. तो ओरडा थांबल्यावर या गृहस्थांनी त्यांना खिडक्यांच्या काचांतून तासभर एकेक कपाट दाखवले. तेही अर्जावाचून!

बस गेल्यावर मी विचारले, "महाजन, तुमच्या हातून तारीख चुकली?"

"हा प्रश्न अर्जात लिहिला आहे का?" एवढेच म्हणून ते मेजाकडे वळले. पुढे गावभर झालेली टिंगल त्यांनी निमूट सोसली.

भास्करराव गेले, तेव्हा वहिनींनी ती चौकोनी घडी माझ्या हाती दिली. मास्तरांची सही मी दुमडूनच ठेवीन. भास्कररावांनी झाकले ते उघडण्याचा मला अधिकार नाही. तारखेची ओळ मात्र सभेपुढे ठेवतो. मास्तरांच्याच अक्षरात तिथे लिहिले आहे: मंगळवार.