दोन दिवे आणि पायाळू

एका जंगलात, बाळांनो, गवतापेक्षा रेंज चांगली होती. म्हणून तिथली चितळं चरायची कमी आणि मोबाइल बघायची जास्त.

कळपाचे म्होरके होते आप्पा काळशिंगे. शिंगं मोठी, म्हणून शब्दही मोठा. झुंजी सोडल्यापासून त्यांनी अतर्क्य घटनांचं संशोधन हाती घेतलं होतं. म्हणजे सावलीत बसून व्हिडिओ बघणं. त्यांचा एक ग्रुपही होता, 'अज्ञाताच्या शोधात'. कळपातले झाडून सगळे म्हातारे त्यात होते.

एकदा तिन्हीसांजेला आप्पांनी ओढ्याकाठच्या उंच गवताचा फोटो काढला. फोटोत दोन हिरवट दिवे अधांतरी लटकत होते.

ग्रुपवर धमाल उडाली. कुणी म्हणालं पूर्वज, कुणी म्हणालं परग्रहावरचं यान. रात्रभर शोधाशोध करून सकाळी निम्मा कळप पूर्वजांचा झाला आणि निम्मा यानाचा.

त्या कळपात कण्हेरी नावाची तरणी हरिणी होती. जिभेला हाड नव्हतं, पण डोळे शाबूत होते. तिनेही ग्रुपवर तो फोटो पाहिला.

"आप्पा, हा बिबट्या आहे."

"संदर्भ?" आप्पा म्हणाले.

"संदर्भ कसला? ते डोळे आहेत. खाली मिशा दिसताहेत."

आप्पा मायेने हसले. त्या मिशा नव्हत्या, ऊर्जेच्या लहरी होत्या. तिला वाचन नाही, त्याला ते तरी काय करणार?

समोरच्या झाडावर वानरही सकाळपासून बिबट्या, बिबट्या म्हणून घसा फोडत होतं. पण ते ग्रुपवर नव्हतं.

ग्रुपवर मात्र एक नवे जाणकार आले होते. नाव 'अंतर्ज्ञानी', फोटो निरांजनाचा. शंकेखोरांना अनुभव येत नाही, असं ते लिहीत. ज्याला दिव्यांचं दर्शन हवं, त्याने एकट्याने यावं, आवाज करू नये आणि वारा पाठीवर घेऊन यावं. म्हाताऱ्यांनी हे तत्काळ सगळीकडे पाठवलं. समोरून वारा आला असता तर बिबट्याचा वास आला असता, हे कण्हेरीने सांगून पाहिलं. तिला शंकेखोर म्हणून गप्प बसवण्यात आलं.

मग आप्पांना कुठेतरी वाचायला मिळालं की पायाळूला, म्हणजे पायांकडून जन्मलेल्याला, इतरांना न दिसणारं दिसतं. त्यांनी कळपातल्या आयांकडे चौकशी केली. कण्हेरीची आई भोळेपणाने बोलून गेली, की आमची धाकटी ठिपकी आली तेव्हा आधी पायच दिसले.

झालं. संध्याकाळी ठिपकीच्या गळ्यात मोबाइल अडकवून तिला गवतात पाठवायचं ठरलं. ठिपकी अजून धड उडीही मारत नव्हती. आईला तर अभिमानच वाटला.

कण्हेरी तडक आप्पांपुढे जाऊन उभी राहिली.

"आप्पा, चितळाचं प्रत्येक पाडस पायांकडूनच जन्मतं. आधी पुढचे खूर, मग नाक. तुम्हीही तसेच आलात."

आता हे खूळ मोडणार, असं तिला वाटलं. आप्पा बराच वेळ स्वतःच्या खुरांकडे बघत राहिले.

"मीसुद्धा पायाळू?" ते हळूच म्हणाले. "आणि इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही?"

"अहो, सगळेच आहेत."

"सगळे असतील. पण माझ्याएवढा जुना पायाळू दुसरा कोण आहे?"

अशा कामाला पोरंटोरं पाठवणं शोभत नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. ठिपकीच्या गळ्यातला मोबाइल काढून स्वतःच्या गळ्यात घातला. कण्हेरी वाट अडवून उभी राहिली. तो बिबट्या आहे, कुणीच जाऊ नका, असं तिने तिसऱ्यांदा सांगितलं.

"तुमच्या पिढीचा हाच दोष," आप्पा म्हणाले. "अनुभवाच्या आधी निष्कर्ष."

आणि वारा पाठीवर घेऊन ते चालू लागले.

सगळ्या कळपाने ते थेट प्रक्षेपण पाहिलं. दिवे जवळ आले, आणखी जवळ आले. पडद्याखाली जोडलेल्या हातांच्या इमोजींची रांग लागली. गरम श्वास जाणवतोय, असं आप्पा सांगत होते. "वास मात्र, मित्रहो, जरा ओळखीचा..." मग पडद्यावर आभाळ दिसलं, एक शिंग दिसलं आणि प्रक्षेपण थांबलं.

ग्रुपवर एकमत झालं. आप्पा पलीकडच्या मितीत गेले होते, म्हणजे दिवे खरे होते. इतका भक्कम पुरावा आजवर कुणाला मिळाला नव्हता. अंतर्ज्ञानींनी लिहिलं, 'अनुभव समाधानकारक. उद्या कोण?' आणि सगळेच पायाळू असल्यामुळे ज्येष्ठतेवरून भांडण जुंपलं.

कण्हेरीने पुन्हा एकदा सांगून पाहिलं. तिला ग्रुपमधून काढलं. तेव्हा तिने ठिपकीला पुढे घातलं, आईला शिंगाविना ढुशी देत उठवलं आणि डोंगरापलीकडे नेलं. तिथे रेंज नव्हती. नुसतं गवत होतं.

तात्पर्य : वडीलधाऱ्यांचा मान नेहमी राखावा. विशेषतः पुढे जाण्याचा.