हवालदार टेकाळे यांचा आवाज

पोलिसांवर ज्याचा जितका विश्वास, तितकाच त्याला पोलिसांचा आवाज ऐकू येतो, अशी आमच्या ठाण्याच्या हद्दीत पूर्वीपासूनची परिस्थिती आहे. बाजारपेठेत आमचं बोलणं खणखणीत ऐकू जातं. मोमीनपुऱ्यात अर्धं वाक्य पोचतं. वीटभट्टीवरच्या ओडिया कामगारांना माशी गुणगुणल्यासारखं काहीतरी ऐकू येतं म्हणे. नदीकाठच्या पारधी वस्तीत मात्र काहीच नाही.

वरिष्ठांनी यावर बरेच उपाय केले. मैत्री सप्ताह झाला, क्रिकेटचा सामना झाला. संक्रांतीला आम्ही वस्तीत तिळगूळ वाटला, पण ‘गोड बोला’ कुणालाच ऐकू गेलं नाही. शेवटी नवा भोंगा मिळाला. त्यातूनही आवाज पोचेना, तेव्हा तो दुरुस्तीला पाठवला. ‘यंत्रात बिघाड नाही’ असा शेरा घेऊन तो परत आला.

त्या दिवशी दुपारी धरणावरून फोन आला. संध्याकाळी दरवाजे उघडणार होते. खांडबहाले साहेबांनी नदीकाठ रिकामा करायला हवालदार टेकाळेंना आणि मला वस्तीवर पाठवलं.

“पाणी येतंय! उठा!” टेकाळेकाका ओरडून ओरडून लाल झाले. मला ऐकू येत होतं, समोरच्यांना नाही. मी लिहून दाखवलं, तर कागद त्यांना कोरा दिसला. रस्त्याने जाणाऱ्या दूधवाल्याला सांगायला लावलं, पण निरोप आमचा असल्यामुळे त्याचाही आवाज गेला. हातवारे केले, तेव्हा माणसं आणखी घट्ट बसली. पोलीस ‘उठा, निघा’ अशी खूण करतात तेव्हा मागे झोपड्या उरत नाहीत, एवढं त्यांना माहीत होतं. एका दारात दोरीच्या पाळण्यात बाळ झोपलं होतं.

वस्तीतल्या वयस्कर गुंफाबाई काळे पुढे आल्या. टेकाळेकाकांकडे बघत त्यांनी दोन्ही हातांनी हवेत एक गाठोडं बांधून दाखवलं. काका ओरडायचे थांबले.

“देवीचं गाठोडं,” ते मला म्हणाले. “मागं चोरीच्या तपासात आपण उचललं होतं. आत देवांचे चांदीचे टाक होते ना. चोर दुसराच निघाला. गाठोडं अजून मुद्देमालाच्या खोलीत पडलंय.”

आम्ही ठाण्यात परतलो.

“कोर्टाच्या आदेशाशिवाय मुद्देमाल हलत नाही, टेकाळे,” साहेब म्हणाले. “अर्ज करा. पुढच्या महिन्यात बघू.”

“साहेब, पाणी आज येतंय.”

“ते वेगळं प्रकरण आहे.”

साहेब मीटिंगला गेले. टेकाळेकाकांनी खिळ्यावरची किल्ली काढली. मला त्यांची भीती वाटत होती, म्हणजे त्यांच्यासाठी.

वस्तीवर पोचलो तेव्हा नदी गढूळ झाली होती. धुण्याचा दगड दिसेनासा झाला होता. काका गाठोडं घेऊन धावत निघाले, तशा गुंफाबाई मागे सरकल्या आणि त्यांनी काकांच्या बुटांकडे बोट दाखवलं. काकांनी बूट काढले. मग पट्टा काढायला लावला, मग टोपी. गुंफाबाईंनी कोरं कापड अंथरलं. त्यावर काकांनी गाठोडं ठेवलं. गुंफाबाईंनी ते सोडलं, एकेक टाक उचलून कपाळाला लावला, पुसला, जागेवर ठेवला. घाई नावाचा प्रकार नव्हता. पाणी चुलींपर्यंत आलं होतं आणि मी मनातल्या मनात त्या देवीचे पाय धरत होते.

काकांचं ओरडणं चालूच होतं. मध्येच त्यांना ठसका लागला. गुंफाबाईंनी मान वर केली. त्यांना खोकला ऐकू आला होता.

“बाई, पाणी येतंय,” काका म्हणाले.

“मंग हवालदारा, इतका येळ काय करत व्हतास?”

गुंफाबाईंचा आवाज मीही तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. तोवर मला वाटायचं, त्या कमी बोलतात.

वस्ती टेकडीवर गेली. नदीने झोपड्या नेल्या, माणूस एकही नेला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टेकाळेकाकांना विचारलं, मुद्देमाल कुणाच्या परवानगीने हलवला? काकांनी सगळं सविस्तर सांगितलं. साहेब त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिले.

“बोला ना, टेकाळे. नोकरीचा प्रश्न आहे.”

काका पुन्हा बोलले. कारकुनाने ‘हवालदारांनी खुलासा दिला नाही’ असं लिहिलं आणि निलंबनाचा आदेश टाइप करायला घेतला.

तेवढ्यात गुंफाबाई आल्या. टेबलासमोर उभ्या राहून त्या बराच वेळ हात हलवून बोलल्या.

“या बाई काही बोलत का नाहीत?” साहेबांनी विचारलं.

“ही माणसं ठाण्यात कधीच बोलत नाहीत, साहेब,” कारकून म्हणाला.

मला काकांचं आणि गुंफाबाईंचं, दोघांचंही स्पष्ट ऐकू येत होतं. मी पुढे झाले, सॅल्यूट केला आणि घडलं ते पहिल्यापासून सांगितलं.

साहेबांनी कानामागे हात धरला.

“जरा मोठ्याने, घुगे,” ते म्हणाले.